पेशव्यांनी पाठवलंय

ही गोष्ट मी बरीच वर्षं टाळली. सांगायला लागलो की विषय बदलायचा, किंवा अर्ध्यावर चहा मागायचा, अशी सवयच करून घेतली होती. फाल्गुनात एका सकाळी सुहास दारात आला आणि म्हणाला, “काका, आई नाही राहिली.” आमच्या काशीच्या मराठीत माणूस वारत नाही, तो राहत नाही. मी चप्पल शोधू लागलो. ती पायातच होती.

सुहासची आई म्हणजे कुमुदवहिनी, माझा मित्र दिनकर याची बायको. रामघाटाच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. दिनकरकडे पिढीजात भिक्षुकी, मी शाळेत इतिहास शिकवायचो. दिनकर लवकर गेला. त्यानंतर त्या घराशी माझा संबंध उरला तो बहुतेक वहिनींच्या हातच्या पदार्थांमुळे, आणि त्यातही एका पदार्थामुळे. संक्रांतीला त्यांच्याकडे तिळाची साबुदाणा खिचडी होते. शेंगदाण्याऐवजी भाजलेल्या तिळाचं कूट, त्यात हिरवे मटार, वरून लिंबू. काशीतल्या मराठी घरांत आता ती बरीच जणं करतात. पुण्याहून खास सणावारी खायला म्हणून ज्या सहली येतात, त्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत तिचं नाव ‘पेशवाई खिचडी’ असं छापलेलं असतं. ते नाव मी दिलं आहे. खरी हकिगत वेगळी आहे.

वहिनी वाईच्या. लग्न होऊन आल्यानंतरच्या पहिल्या पौषातली गोष्ट. दिनकरच्या आईला आम्ही सगळे माई म्हणायचो. माई जन्मल्या, वाढल्या काशीतच. त्यांनी नव्या सुनेला सांगितलं, “उद्या खिचडी आहे. घाटावरून माणसं येतील. भिजवायचं ते आजच भिजव.” इथे संक्रांतीला खिचडीच म्हणतात. सणाचंच नाव ते. त्या दिवशी उडदाच्या डाळीची खिचडी खायची, दान करायची. माईंना भिजवायची होती ती वड्यांसाठी डाळ. वाईच्या मुलीला हे कुठून ठाऊक असणार? भिजवायचं आणि खिचडी म्हटल्यावर तिला एकच गोष्ट सुचली. उपासतापासांचं घर, साबुदाण्याचा डबा कायम भरलेला. तिने तो सगळा भिजवला.

सकाळी मी स्नान करून दिनकरबरोबर त्यांच्याकडे गेलो आणि स्वयंपाकघरात डोकावलो. परातभर फुगलेला साबुदाणा, त्याच्यापुढे माई.

“अगं, हे काय?”

“खिचडी म्हणालात ना...”

“खिचडी म्हणजे संक्रांत गं बाई!”

वहिनींचा चेहरा पडला. मग माईच हसायला लागल्या, इतक्या की त्यांना भिंतीला टेकून बसावं लागलं. दाणे घरात मूठभर होते. वहिनींनी डोळे पुसले आणि तिळगुळासाठी भाजून ठेवलेल्या तिळाचं कूट त्यात ओतलं. “आज उपास थोडाच आहे,” म्हणून मटारही घातले. घाटावरची माणसं जेवली. मी दोनदा मागून घेतली. पुढच्या पौषात माई स्वतःहून म्हणाल्या, “सूनबाई, तुझी ती चुकीची खिचडी कर.” माई असेपर्यंत तिचं नाव हेच होतं, चुकीची खिचडी.

निवृत्त झाल्यावर मी सहलींना माहिती सांगायचं काम घेतलं. पंचगंगा घाटापासून गल्ल्यागल्ल्यांतून लोकांना हिंडवायचं, पेशवे घराण्यातल्या अमृतरावांनी बांधलेला अमृतराव घाट दाखवायचा, आणि संक्रांतीला शेवट वहिनींच्या घरी, पानावर. पहिल्याच वर्षी एका बाईंनी विचारलं, “ही इथली जुनी का हो?” समोर उत्सुक चेहरे होते. सुनेच्या चुकीची गोष्ट मला फिकी वाटली. मी म्हणालो, पेशव्यांच्या मुदपाकखान्यातली. पुण्याहून आलेल्या मंडळींबरोबर आली. लोक खूश झाले. साबुदाणा आपल्या फराळात पेशवाईनंतर फार उशिरा आला, हे मला माहीत होतं. मुलांना मी ते शिकवलेलं होतं.

वहिनी वाढत होत्या. हातातला डाव तसाच धरून म्हणाल्या, “अहो भाऊजी, काहीतरीच काय! ही माझी चूक आहे. माईंनी...” मी त्यांना पुढे बोलू दिलं नाही. हसत हसत पाहुण्यांना म्हणालो, “वहिनी बाहेरून आलेल्या. त्यांना इथलं जुनं काय ठाऊक?” पंगत हसली. वहिनीही हसल्या असाव्यात, मी नीट पाहिलं नाही. त्यांनी पुढच्या पानावर खिचडी वाढली आणि आत गेल्या. त्यानंतर कुठल्याही सहलीसमोर त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी गोष्ट सांगायचो, त्या वाढायच्या. दरवर्षी गोष्टीत थोडी भर पडायची.

मात्र त्या संक्रांतीपासून एक सुरू झालं. पंगती उठल्या की वहिनी झाकणाच्या डब्यातून खिचडी घेऊन माझ्याकडे यायच्या आणि दारातून म्हणायच्या, “भाऊजी, पेशव्यांनी पाठवलंय.” माझी बायको असेपर्यंत तीही हसायची. तिला वाटायचं, आमची दीर-भावजयीची थट्टा आहे. वहिनींच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

यंदाही त्या आल्या. गुडघे धरून जिना चढल्या, डबा पुढे केला, तेच वाक्य म्हणाल्या. मी या वर्षी ठरवलं होतं. म्हणालो, “वहिनी, जरा बसा. एक बोलायचंय.”

“बसले तर उठायची नाही मी. उभ्याने सांगा.”

मी डब्याचं झाकण उघडलं, लावलं, परत उघडलं.

“मीठ... बेताचं झालंय.”

“अजून खाल्लीत कुठे?” त्या म्हणाल्या. थोडा वेळ माझ्याकडे पाहत थांबल्या. मग कठडा धरून जिना उतरू लागल्या. समोरासमोर राहूनही त्यानंतर आमची भेट झाली नाही. मी तेराव्याला गेलो होतो. तिथे कोणीतरी जमलेल्यांना सांगत होतं की त्यांनी पेशवाई खिचडीची परंपरा जपली. मी मान डोलावली.

डबा माझ्याकडेच आहे, ओट्याशेजारच्या फळीवर. आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत, म्हणून दरवर्षी मी त्यात तिळाच्या वड्या घालून द्यायचो. या वेळी ते राहून गेलं. सुहास परवा म्हणाला, “काका, राहू द्या न तुमच्याकडेच, क्या फर्क पडता है.” तो घासून पुसून ठेवला आहे. झाकण लावलं की आत काही आहे की नाही ते कळत नाही. त्या दिवशी त्या जिना उतरत होत्या, कठड्यावर त्यांचा हात दिसत होता, आणि मला वरून एवढंच म्हणायचं होतं... वहिनी, ती खिचडी तुमची. मी खोटं बोललो, आणि तुम्हाला बाहेरची म्हणालो. मला माफ करा.