शमीमच्या बोर्डावरची बारीक रेघ

सोलापूरला मे महिन्यात जाऊ नका, हे मी सगळ्यांना सांगते आणि स्वतः मेमध्येच गेले. कारण रेहानाचा फोन. हॉस्टेलातली ही माझी जुनी रूममेट तिथल्या भवानी पेठेत शिवणाचं दुकान काढत होती.

"तुझं ते नवं अक्षर आहे ना, जाड रेघ एकदम जाड आणि बारीक केसासारखी? त्यात बोर्ड छापून आण. अम्मीचं नाव द्यायचंय. अब्बांना बोलू नकोस."

अब्बा म्हणजे लतीफचाचा. जन्मभर दुकानांचे बोर्ड रंगवले, आता हात कापतो. शमीमचाची तर गेल्याच वर्षी गेली. मी फॉन्ट बनवते, आणि माझं अक्षर पहिल्यांदाच कुठल्या दुकानावर चढणार होतं. नाही कशाला म्हणतेय!

पुण्याहून पहाटेची गाडी धरा, ऊन तापायच्या आत पोचाल. रिक्षाचं आधी ठरवा, मग बसा. कडक भाकरीबरोबर शेंगाचटणी घ्याल तेव्हा दही मागा. मी शहाणपणा करून मागितलं नाही, नाकाडोळ्यांतून पाणी!

दुकानात शिरले तर दोन स्टुलांवर पांढरा पत्रा, आणि त्यावर पेन्सिलीनं आखलेलं माझंच अक्षर.

"रेहानाच्या मोबाईलात बघितलं," चाचा म्हणाले. "लई देखणं हाय, बेटा. पण शमीमचं नाव मीच लिवणार की."

माझ्या काखेत छापील फ्लेक्सची गुंडाळी. लपवू कुठे? रेहाना जमिनीकडे बघत होती.

चपट्या ब्रशनं जाड रेघा झरझर उतरल्या. मग त्यांनी बारीक ब्रश घेतला आणि रेघ वाकडी गेली. रॉकेलच्या फडक्यानं पुसली, पुन्हा ओढली, पुन्हा पुसली. शेवटी ब्रश ठेवून खाली बसले.

"तिच्या नावात वाकडी रेघ नको. लाव तुझं प्लास्टिक."

माझाच बोर्ड चढणार होता, आणि मला तो अजिबात नको होता. रडूच आलं.

रेहानानं ब्रश उचलला. "अब्बा, जाड तुमचं झालं. बारीक मी करते. दिवसभर सुई धरते की मी."

एका बोर्डाला एकच हात, हा चाचांचा जन्माचा नियम. सख्ख्या भावालाही त्यांनी ब्रश लावू दिला नव्हता. ते उठून तिच्याशेजारी उभे राहिले.

"श्वास धर," शेवटी म्हणाले. "रेघ संपेपर्यंत सोडू नगं."

श्वास आम्ही तिघांनीही धरला. रेघ आली, पण 'म'पाशी जरा जाडसर झाली. चाचांचा हात फडक्याकडे गेला. ते लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले.

"शमीम बी सुईत दोरा ओवताना अशीच श्वास धरायची," म्हणाले, आणि फडकं खिशात कोंबलं. "ऱ्हाऊ दे."

संध्याकाळी बोर्ड चढला. बोर्डाखाली उभं राहून आम्ही गार सरबत प्यायलो.

घरी आले त्याला महिना झाला. गुंडाळी अजून कपाटावर आहे. फॉन्टमध्ये तसा जाडसर 'म' घालायचा मोह झाला होता. नाही घातला. तो त्या बापलेकीचा आहे, मी कशाला विकू?