फकिरांना न सांगितलेला सूड

घड लागलेली माझी केळीची बाग चुलतभावाने भर दुपारी कोयत्याने आडवी केली. भांडण बांधावरून होतं. इंग्रजांच्या कोर्टात माझ्या बाजूने बोलायला आमच्या सावदा गावातला एकही माणूस उभा राहिला नाही. मग मी दर्ग्यातल्या म्हाताऱ्या सूफी फकिरांकडे जाऊ लागलो. त्यांच्या शापाने मला त्या हरामखोर भावाचं वाटोळं झालेलं बघायचं होतं.

फकिरांची रीत अशी, की पडलेलं स्वप्न सकाळी दुसऱ्या कुणाशी बोलण्याआधी त्यांना सांगायचं. मला रोज एकच स्वप्न पडे: मी भावाची बाग कापतोय. ते मी चवीने सांगायचो. ते दरवेळी एवढंच विचारत, "बेटा, विहीर कुणाची होती?" मी म्हणायचो, विहिरीकडे बघायला सवड कुणाला?

एकदा स्वप्नातच मान वळवून बघितलं. विहिरीवरची मोट माझी, तिचं पाणी पडतं त्या थारोळ्याचा फुटका दगडही माझा. इतके दिवस मी माझीच बाग कापत होतो. ऐकून फकीर म्हणाले, "आता घरी जा. बागेला पाणी दे."

मला त्यांचाही संताप आला, पण पाणी दिलं. कापलेल्या बुंध्यांतून कोंब फुटले, बाग पुन्हा उभी राहिली.

पुढे भावाची बाग रोगाने बसली. लागवडीला कंद मागायला तो माझ्याच दारात आला. त्याने कापलेल्या बुंध्यांचेच कंद मी काढून दिले, आणि कुठले तेही सांगितलं. त्याने मान वर केली नाही.

इतका गोड सूड मला स्वप्नातही मिळाला नव्हता. फकिरांना मात्र तो कधी सांगितला नाही. त्यांना फक्त स्वप्नंच सांगायची असत.