मोरीपाशी ठेवलेलं वाकडं रोप

बाबा गेल्यावर मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, घट्ट आहे पोरगी. कसली घट्ट! नुसती बधिर झाले होते. इंदिरानगरच्या आमच्या गच्चीवर जायचं, त्यांच्या कॅक्टसना पाणी घालायचं आणि खाली यायचं, एवढंच चाललं होतं.

त्यातल्या एका जातीवर बाबांचा भारी जीव. मूळची मेक्सिकोच्या वाळवंटातली, तिकडे लोकांनी चोरून उपटून नेल्यामुळे संपत आलेली. तिला एकदा तरी फळ धरावं, बी मिळावं, ही त्यांची इच्छा. दर उन्हाळ्यात फुलं यायची. बाबा ब्रशने या कुंडीतले पराग त्या कुंडीतल्या फुलाला लावत बसायचे. फुलं वाळून गळायची. "माझ्या हातालाच यश नाही," म्हणायचे.

यंदा कळ्या आल्या तेव्हा वनस्पतिशास्त्र शिकवणारी माझी मैत्रीण बघायला आली. तिने विचारलं, "ही सगळी एकाच झाडाची पिल्लं का गं?"

होतीच. बाबा निफाडचे, द्राक्षवाले. चांगल्या वेलाच्याच काड्या लावायच्या, ही जन्माची सवय. सुरुवातीला मागवलेल्या बियांतून आलेल्या रोपांतलं देखणं तेवढं ठेवलं, बाकीची फेकली आणि त्या एकाच्याच बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांनी गच्ची भरली.

"मग हे सगळं मिळून एकच झाड," ती म्हणाली. "याला स्वतःचे पराग चालत नाहीत. वेगळ्या बीचं रोप हवं."

मला संतापच आला. इतकी वर्षं ब्रश फिरवत बसलात बाबा, कुणाला विचारायचं तरी!

आई दारात उभी होती. "त्या बियांतलंच ते वाकडं रोप चालेल का? मागे मोरीपाशी आहे. हे फेकायला निघाले होते, मी ठेवून घेतलं. जिवंत होतं ना ते."

फुटक्या बादलीत होतं. त्यालाही एक कळी होती. ती उमलली त्या दुपारी मी बाबांचाच ब्रश घेऊन तिचे पराग गच्चीवरच्या एका फुलाला लावले. हात आपोआप चालला. मनात काही म्हणजे काही नव्हतं.

बाकीची फुलं नेहमीसारखी गळली. वाकड्याचे पराग लावलेलं तेवढं टिकलं, आणि काही आठवड्यांनी त्याच्या बुडाशी लालसर फळ दिसायला लागलं. मी आईला वर बोलावलं. तिने चष्मा लावून निरखून पाहिलं आणि तशीच जिन्याकडे वळून ओरडली, "अहो, लवकर वर या! धरलं बघा!"

मग ती पायरीवर मटकन खाली बसली. मी तिच्याशेजारी बसले, आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.