कासोस ते कार्पाथोस, व्हाया रोड्स

माझी मोठी जाऊ थेमेलीना म्हणजे सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, अशी बाई. आमच्या कासोस बेटावरून तिच्या लेकीच्या कार्पाथोसला विमान पाच मिनिटांत जातं. पट्टा बांधावा आणि सोडावा. एवढ्याशा प्रवासात तिनं जो घोळ घातला, तो मी जन्मात विसरायची नाही.

लेकीला, फोतिनीला, पहिली मुलगी झाली होती. आमच्याकडे पहिलीला आईच्या आईचं नाव देतात, त्यात बोलायचं काही नसतंच. पण जावई पडला क्रेटचा. त्याची आई गारुफालिया म्हणाली, आमच्यात बापाच्या आईचं देतात. बाप्तिस्म्याचा दिवस ठरला तरी नाव ठरेना. थेमेलीनाला घास जाईना. शेवटी तिनं मेरीमातेला नवस केला: बाळाला माझं नाव पडू दे, मी आकाशात तुझ्याजवळ येऊन तुझं चोवीस कडव्यांचं स्तोत्र अखंड म्हणेन.

नवस लोक काम झाल्यावर फेडतात. ही आधीच फेडायला निघाली.

"अहो जाऊबाई, चोवीस कडवी पाच मिनिटांत?" मी विमानात विचारलं.

"भरभर म्हणेन."

हे स्तोत्र उभ्यानंच म्हणायचं असतं. हवाईसुंदरीनं दोनदा दटावल्यावर ती पट्टा बांधून जमेल तेवढी अधांतरी उठली आणि सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला चाकं टेकली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पिशव्या काढल्या, उतरले. ही आपली म्हणतेच आहे.

मी दंड धरून ओढलं. तिनं डोळे वटारले; मध्ये बोललं तर नवस मोडतो. वैमानिक तणतणत आला, क्षणभर ऐकलं आणि त्यानं छातीवर क्रूस काढला.

"नवसात मी हात घालणार नाही," तो म्हणाला. "मावशी, तुम्ही तरी उतरा."

विमान पुढे रोड्सला जायचं होतं. गेलं, हिला घेऊन.

तिनं केलेल्या द्राक्षपानांच्या सुरळ्यांचं पातेलं घेऊन मी एकटीच चर्चपाशी पोचले. नाव पुकारेपर्यंत बाळाच्या आईनं आत जायचं नाही, या रीतीप्रमाणे फोतिनी बाहेर बसलेली, आई दिसेना म्हणून रडकुंडीला आलेली. गारुफालिया दारात उभी.

"विहीणबाई कुठायत?"

"रोड्सला."

"बाप्तिस्मा इथे आहे, हे ठाऊक आहे ना त्यांना?"

मी सगळं सांगितलं. वाटलं, आता हिला रान मोकळं. पण ती मटकन पायरीवर बसली.

"चोवीसच्या चोवीस? उभ्यानं?"

"पट्ट्यात, पण उभ्यानंच."

"माझ्या नावासाठी मी तर नुसती मेणबत्ती लावली होती," ती म्हणाली. मग उठून आत गेली आणि नाव पुकारणाऱ्या धर्मपित्याच्या कानाशी लागली. पोरगी पाण्यातून भोकाड पसरत निघाली तेव्हा त्यानं मोठ्यानं नाव घेतलं: थेमेलीना. मला रडूच आलं.

संध्याकाळी रोड्सहून फोन. "स्तोत्र संपलं. नाव?"

मी सांगितलं. कुणी माघार घेतली, तेही सांगितलं. बराच वेळ नुसते हुंदके.

"आता काय झालं, जाऊबाई?"

"माझं नाव पुकारलं आणि मीच नव्हते गं तिथे." मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. "गारुफालियाला सांग, पुढच्या मुलीला तिचं नाव पडावं म्हणून मीच स्तोत्र म्हणेन. पण त्या वेळी अथेन्सहून येणारं लांबचं विमान धरीन."