कौसाची देवणी आणि दोन वाट्या तूप

लग्नाच्या पंगतीत बसलं की आमची कौसा आधी भातावरच्या तुपात बोट घालायची. वास घ्यायची, चाटायची आणि मांडवभर ऐकू जाईल असं सांगायची, "जर्शीचं हाय!" वाढणारा तिथंच उभा. मी खाली मान घालून वरण कालवायचो. एकदा युसूफ वडगाव या गावी लग्नात नवरीच्या आईनंच विचारलं, "कशावरनं वळखलं, मावशी?" कौसा म्हणाली, "देवणीचं तूप जिभेवर बसून ऱ्हातं, लेकीवानी. जर्शीचं घसरून जातं, जावयावानी." आमचा जावई शेजारीच जेवत होता.

कौसा म्हणजे माझी बायको. मागच्या थंडीत गेली. मी चौथी शिकलेला माणूस, मला सजवून लिहिता येत नाही. तोंडाची फटकळ होती, पण तिच्यावर कुणी हसलं तर सगळ्यात मोठ्यानं तीच हसायची.

आमच्या दावणीला तीन गाई. दोन जर्शी, थोरल्या लेकानं, दत्तानं आणलेल्या. त्यांचं दूध डेअरीला जातं. तिसरी चांदणी, कौसाची देवणी. काळी-पांढरी, लोंबत्या कानांची, आपल्या मराठवाड्याचीच जात. दूध तांब्याभर, रुबाब पाटलिणीचा. कडबा आखडला की दत्ता म्हणायचा, "आई, चांदणी इकू. दूध थेंबभर आन् खाणं दोघींचं." कौसाचं उत्तर ठरलेलं. "इक की. आन् तूप काय तुझ्या डेअरीतनं आणू?" विषय तिथंच मिटायचा. चांदणी तुपाच्या जोरावर टिकून होती.

त्यात दत्ताच्या मोबाइलवर कुठलंसं 'ए-टू' तूप आलं. शहरातली माणसं देशी गाईच्या तुपाच्या बरण्या मागवतात म्हणे. कौसाला एवढं पुरे झालं. "बघा, समदं जग फिरून माझ्याच गोठ्यात आलं," असं गल्लीभर सांगून आली.

सून मंगल बारावी शिकलेली, आणि सासूला न भिणारी. ती म्हणाली, "आत्या, ते ए-टू म्हंजे दुधातलं प्रथिन. देवणीच्या दुधात एका जातीचं असतं, जर्शीच्यात दुसरं बी असतं. पण लोणी कढवलं की प्रथिन खाली बेरीत बसतं. तुपात कुठं येतंय?"

कौसानं डोळे बारीक केले. "म्हंजी खरा माल बेरीत?"

"व्हय."

"तरीच! तुमाला तूप वाढून बेरी गूळ घालून मी खाते. म्हणून तर मी अशी ठणठणीत, आन् हे बघा कसे वाळलेत," असं म्हणून माझ्याकडं बोट केलं.

पण दत्तानं धागा सोडला नाही. म्हणाला, "आई, मग परीक्षा होऊन जाऊ दे. डोळे झाकून चांदणीचं तूप वळखलंस तर ती जन्मभर दावणीला. चुकलीस तर येत्या बाजारात."

मी म्हणालो, "बे दत्ता, आईसंगं पैज लावतूस?"

"लावू द्या हो," कौसा म्हणाली. "पोरगं हारायलंय."

मंगलनं दोन्ही दुधाला एकच विरजण लावलं. एकाच रवीनं घुसळलं, एकाच चुलीवर लोणी कढवलं. अंगणात शेजारणी जमल्या. कौसानं पदर डोळ्यांवर ओढला, भाकरीचा तुकडा एका वाटीत बुडवला, मग दुसऱ्या वाटीत. आणि दुसरी वाटी उचलून धरली. "ही! ही माझी चांदणी. लेकराचा वास आईला कळत न्हाई व्हय?"

मंगलचा आवाज बारीक झाला. "आत्या, ती जर्शीची हाय."

कौसानं पदर काढला. चांदणीचा रिकामा खुंटा आणि त्याच्यापाशी उभी कौसा माझ्या डोळ्यांपुढं आली.

तिनं दोन्ही वाट्या पुन्हा चाखल्या, उघड्या डोळ्यांनी. म्हणाली, "मंगल, दोन्ही तूच कढवलंस?"

"व्हय. तुमी शिकवलं तसंच."

"मग असं सांग की! नाव गाईचं हुतंय, गुण हाताचा हाय. तुझा हात बसला, बाई." आणि जी हसत सुटली! "आगं, मांडवामांडवात लोकांची इज्जत काढली की गं मी!"

दत्ता हळूच म्हणाला, "आई, मग चांदणी...?"

"आरं, तूप हारलं. गाय कशापायी जाईल? तुझा बाप तरी कुठं दूध देतोय? ठिवलाच की न्हाई त्याला?"

शेजारणी पदरात तोंड घालून हसल्या. दत्तालाही हसू आवरेना. त्या दिवसापासून गाय विकायची गोष्ट त्यानं पुन्हा काढली नाही. कौसाचं पंगतीत बोट घालणं मात्र सुटलं नाही. फक्त आता म्हणायची, "हात चांगला हाय."

चांदणी आता आटली आहे, दूध देत नाही. दिवस मावळताना मी तिच्याजवळ जाऊन बसतो. रडायलाच जातो, खोटं कशाला बोलू. पण ती मान लांब करून खरखरीत जिभेनं माझं टक्कल चाटायला लागते. गुदगुल्या होतात. किती आवरलं तरी हसू फुटतं.

परवा मंगलनं आतून विचारलं, "मामा, कुणासंगं हसायलाव?"

"कुणासंगं न्हाई," मी म्हणालो. "भाकर टाक, वर तूप घाल. आन् कुठल्या गाईचं हाय ते सांगू नको."