न केलेल्या आदाबाचं उत्तर

मी पस्तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. भानामती, करणी, अंगात येणं... माझ्यासमोर कुणी असलं काही काढलं की मी सरळ म्हणायची, "चहा घ्या आणि विषय बदला." त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते माझ्या डोळ्यांदेखत, भर सकाळी आठ वाजता. आता बोला!

आमचं घर हैदराबादला जामबागेत होतं. शेजारी कादरचाचा, मधे कमरेएवढी भिंत. वडील — आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो — आणि चाचा एकाच सरकारी दफ्तरात. दोघांच्या शेरवान्याही एकाच शिंप्याच्या. रोज सकाळी भिंतीपाशी कार्यक्रम ठरलेला. चाचा सहा वर्षांनी मोठे, म्हणून अण्णांनी आधी म्हणायचं, "आदाब अर्ज है." चाचा म्हणणार, "जीते रहो, राव साब!" मग मिजाज कैसे हैं, घर में सब खैरियत, नाश्ता हुआ... उत्तरं कुणी ऐकत नसे. एकदा अण्णा तापानं फणफणलेले, तरी "दुआ है आपकी, एकदम खैरियत!" मी पोट धरून हसले होते.

आई मी सहा वर्षांची असताना गेली. त्यानंतर माझी वेणी घातली ती चाचींनी.

मग पोलीस अ‍ॅक्शन झाली. निजामाचं राज्य गेलं. मी तेव्हा पंधरा वर्षांची. आमच्या गल्लीत कुणाला काही झालं नाही, पण भिंतीपाशी शुकशुकाट. अण्णा बाहेर यायचे, चाचा बाहेर यायचे, दोघं पेरूच्या झाडाकडे बघायचे आणि आत जायचे. मी चिडून विचारलं, "अण्णा, आदाब करायला काय झालं?"

"काय म्हणू गं? आदाब म्हटलं तर वाटेल टोमणा मारतोय. नमस्कार म्हटलं तर वाटेल जिंकल्याचा तोरा दाखवतोय."

"मग चाचांनी आधी म्हणावं."

"ते मोठे आहेत. ते कसे आधी म्हणतील?"

घ्या! असा रिवाज. महिना गेला, दोन महिने गेले. एक दिवस चाचींच्या अंगणात ट्रंका दिसल्या. कराचीला त्यांचा भाऊ होता. माझी वेणी घालता घालता चाची रडायला लागल्या. "राव साब मूँ फेर लिये बेटा. अब किसके भरोसे रैना यहाँ?"

मी धावत घरी आले, अण्णांना सगळं सांगितलं, पाया पडले. अण्णा उठून आत गेले. आणि त्याच रात्री त्यांचा घसा बसला! साधा नाही — आवाजच गेला. हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. तीन दिवस माझ्या पाटीवर 'चहा', 'पाणी' असं लिहून मागत होते.

शुक्रवारी सकाळी टांगा आला. चाचा पहिली ट्रंक उचलून बाहेर निघाले. अण्णा मफलर गुंडाळून पायरीवर उभे, मी त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर. चाचा थांबले, त्यांनी आमच्याकडे बघितलं. मी अण्णांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ घट्ट मिटलेले. मग ते आत जायला वळले.

आणि मागून चाचांचा आवाज, "जीते रहो, राव साब! जीते रहो!"

मी वळून बघते तर ट्रंक खाली, चाचा भिंतीशी, डोळ्यांतून घळाघळा पाणी. "इत्ते दिनां के बाद आवाज दिये आप! मिजाज कैसे हैं?"

अण्णांनी नुसता घशाकडे हात केला. तोंडातून फुस्स असा वारा निघाला, बस्.

"अरे, अब्बी तो इत्ता साफ बोले!" चाचा हसायलाच लागले. पडद्याआडून चाचींचा आवाज आला, "हौ, मैं बी सुनी, आदाब अर्ज है बोले. राव साब की आवाज आज कित्ती जवान लगी!"

मी काहीच ऐकलं नव्हतं. देवाशपथ सांगते, काहीच नाही. टांगेवाला कुरकुरत, आमच्याकडचा चहा पिऊन परत गेला. दुपारी ट्रंका उघडल्या.

पुढे माझं लग्न झालं, आम्ही हैदराबादेतच विद्यानगरला राहायला गेलो. अण्णा थकले तसे त्यांना तिकडे नेलं. एका संध्याकाळी मी धीर करून विचारलं, "अण्णा, त्या दिवशी तुम्ही मनात म्हणाला होतात ना, आदाब?"

अण्णांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाले, "मनातसुद्धा नाही, कुसुम. मला राग आला होता. जायचंय तर जा एकदाचे, असं म्हणत मी वळलो होतो."

"मग चाचांना कधी सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? मी बोललोच नव्हतो, असं?" त्यांनी डोळे पुसले. "पण माझा आवाज परत आल्यावर एक दिवस चुकवला नाही मी. चाचा उठायच्या आधी भिंतीपाशी जाऊन उभा राहायचो."

मी खूप डोकं खाजवलं. एकाला भास झाला, समजू शकते. पण नवरा-बायको दोघांना, एकाच वेळी, तेच शब्द? आणि आवाज तरुण? नाही बाई, मला नाही सांगता येत. चाची कराचीला गेल्या नाहीत. माझ्या दोन्ही बाळंतपणांत उशाशी त्याच बसल्या होत्या.