उस्मानचाचांनी सांगितलेला गुडघा

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली आणि बिर्याणी वाढून झाली, की कतारमधल्या अल खोरच्या कामगार कॅम्पमधली कोकणातली मंडळी उस्मान परकारांकडे वळायची. रविवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये कोणाच्या तरी मोबाइलवर अमेरिकेतली पिंजऱ्यातली लढत चालू असायची. तीत कोण जिंकणार, ते चाचांनी दोन दिवस आधी सांगायचं. पैज हराम, म्हणून पणाला फक्त शब्द. पण ज्याचा शब्द खरा ठरे, तो आठवडाभर खिडकीची जागा सोडत नसे.

चाचांची रीत साधी होती. मुठी ते बघतच नसत. दोघांच्या आधीच्या तीन-तीन लढती घ्यायच्या आणि शेवटची फेरी तेवढी बघायची. दमल्यावर हनुवटी वर जाते का, पाय उचलतो की घासतो. सहा फेऱ्या, पाच-पाच मिनिटं.

"अर्धा तास बसा, तुम्हालाही कळेल," ते दर शुक्रवारी सांगत. कोणी बसत नसे. बिर्याणी वाढलेली हवी, तसा निकालही वाढलेला हवा. या एका गोष्टीवर ते मनापासून वैतागत.

वर्ल्ड कपला तीन वर्षं उरली होती. स्टेडियमच्या कामावर चाचा स्कॅफोल्डिंगचे फोरमन होते. परांची उभी राहिली की प्रत्येक जोड स्वतः हाताने हलवून बघायचा आणि मगच ती चढायला सुरक्षित असल्याचा हिरवा टॅग लावायचा. सव्वीस वर्षं आखातात काढली, न बघता एकही टॅग लावला नव्हता.

त्या शुक्रवारी प्रश्न अमेरिकेतल्या कोणाचा नव्हता. पुढच्या शुक्रवारी दोह्यात, बिन महमूद भागातल्या एका जिममध्ये हौशी लोकांच्या लढती होत्या आणि त्यात शहजाद उतरणार होता. शहजाद चाचांच्याच गावचा, त्यांच्याच शब्दावर नोकरीला लागलेला, त्यांच्याच हाताखाली परांची बांधणारा. समोर श्रीवर्धनचा रहमान, दोह्यातल्या दुसऱ्या कंपनीतला.

स्टोअर सांभाळणाऱ्या जाफरने ताट पुढे ओढलं. "बोला चाचा. आपला की श्रीवर्धनचा?"

"हरेल."

"कोण?"

"आपला."

ताटांवरचे हात थांबले. शहजाद हसला. "चाचा, माझी प्रॅक्टिस कुठे बघितलीत तुम्ही?"

"बघितली. वीस मिनिटं उड्या, चाळीस मिनिटं फोटो. आणि डावा गुडघा गेलाय तुझा. शिडीच्या दर पायरीवर दोन्ही पाय टेकवतोस. पंधरा दिवस बघतोय. लढत सोड, डॉक्टरकडे जा."

शहजादचं हसू गेलं. जाफरच्या मोबाइलमध्ये मात्र हे सगळं रेकॉर्ड होत होतं. संध्याकाळपर्यंत ते कोकणवाल्यांच्या ग्रुपवर गेलं. रास लफानपासून दोह्यापर्यंतची अडीचशे माणसं त्या ग्रुपवर. रहमानही होता. त्याने खाली वर केलेला अंगठा टाकला आणि आभार मानले, "शुक्रन, चाचा."

चाचा जाफरवर धावून गेले. "अक्कल गहाण टाकलीस? पोराने लढू नये म्हणून बोललो मी! तू लाथ मारणाऱ्यालाच जागा दाखवलीस!"

"तुमचं भाकीत दर वेळी ग्रुपवर जातं, चाचा. मला काय ठाऊक?"

मग ते शहजादकडे गेले. "नाव मागे घे."

"आता? लोक म्हणतील घाबरला. बोंब तुम्ही मारलीत."

"गुडघा फुटला तर मेडिकलला नापास होशील. लंगड्याला परांचीवर कोण चढवतो? घरचं तिकीट हातात देतील."

"इन्शाल्ला, काही होत नाही."

"इन्शाल्ला म्हणायच्या आधी आपला उंट आपण बांधायचा असतो!"

बसमध्ये सांगून झालं, साइटवर सांगून झालं. शहजाद ऐकेना. गुरुवारी चाचांनी स्वतः मोबाइल हातात घेतला आणि ग्रुपवर बोलले, "सलाम. मागच्या वेळी माझी नजर चुकली. पुन्हा नीट बघितलं. गुडघा उजवा आहे."

लगेच जाफरचं उत्तर आलं. "तुमचंही चुकतं तर!" पुढे हसणारी पाच तोंडं. चाचांनी मोबाइल उशीखाली सारला. जे बघितलं नव्हतं ते त्यांनी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

शुक्रवारी असरच्या नमाजीनंतर लढत सुरू झाली, तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची. शहजाद डावा पाय पुढे टाकून उभा राहिला. तो पाय रहमानच्या अगदी समोर होता, हात लांब केला तरी लागला असता. पण रहमानला उजवा हवा होता, आणि तो मागे. तो वाकडा होऊन आत घुसायचा, लाथ फेकायचा, कधी ती हवेत जायची, कधी शहजादने नडगीला बांधलेल्या पट्टीवर आपटायची. एक फेरी तशी गेली. दुसरीही. चाचा खुर्चीच्या कडेवर बसले होते आणि पुढचा डावा पायच बघत होते.

तिसऱ्या फेरीत शहजादचं तोंड उघडलं आणि हात खाली आले. रहमानने पायांचा नाद सोडला आणि ठोसे मारले. गुणांवर रहमान जिंकला. शहजाद नाकावर बर्फ धरून, स्वतःच्या दोन पायांवर बाहेर आला.

रहमान लंगडत आला. "काय चाचा! तुमच्या भरवशावर उजवा पाय शोधत बसलो. माझीच नडगी सुजली."

"नऊ मिनिटं तो तुझ्या समोर होता. डाव्यावर एकदा तरी पूर्ण वजन टाकलं त्याने?"

रहमानने आठवून बघितलं. "नाही."

"मग डोळे कुठे होते तुझे?"

"तुम्ही सांगितलं होतं ना."

"खोटं सांगितलं होतं. डावाच आहे. तू जिंकलास ते हक्काने जिंकलास, पण मी तुला फसवलं. माफ कर."

रहमानने चाचांचा हात हातात घेऊन दाबला आणि तो निघून गेला. जाफरने मात्र सोडलं नाही. "आता तुमचं कोण ऐकेल, चाचा?"

"नका ऐकू. डोळे दिलेत अल्लाने, ते वापरा."

दुसऱ्या दिवशी चाचा शहजादला दंडाला धरून डॉक्टरकडे घेऊन गेले. गुडघ्याच्या आतलं लिगामेंट ताणलं होतं, तुटलं नव्हतं. महिनाभर चढायचं नाही.

महिनाभर शहजाद खाली सावलीत बसून परांचीचे पाइप जोडणारे क्लॅम्प निवडत होता. चांगले एका पेटीत, खराब दुसरीत.

"हे काय काम आहे, चाचा? डोळे मिटून होईल."

चाचांनी चांगल्यांच्या पेटीत हात घातला आणि एक क्लॅम्प त्याच्या पुढ्यात टाकला.

शहजादने तो उचलला, उलटा केला, उन्हात धरला. "वाकलाय."

"पेटी ओत. पहिल्यापासून बघ."